चादरीला कायद्याचं संरक्षण, विणकराला काय?

संक्रांतीला अजून काही आठवडे असतानाच सोलापुरात नंदीध्वजांचा सराव सुरू होतो. दिवसभर नोकरी, दुकान, कॉलेज करून आलेली पोरं रात्री जमतात, कमरेला पट्टा बांधतात आणि नंदीध्वजाची, माणसाच्या कितीतरी पट उंच काठी तोलत रस्त्यावरून चालायला शिकतात. जुनी माणसं बाजूनं चालत असतात. पाऊल कसं टाकायचं, वारा सुटला की कंबर कशी वळवायची, दमल्यावर काठी पुढच्याच्या पट्ट्यात कशी द्यायची, हे ती सांगत राहतात, कधी रागावूनही सांगतात. या शिक्षणाला अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र नाही, कुणाचं अनुदान नाही. तरीही सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज दरवर्षी निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर होम पेटतो.

वारसा कसा टिकतो, याबद्दल आपल्या राज्यात पुष्कळ बोललं जातं. 2025 मध्ये शिवकाळातले किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण किल्ला आणि यात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किल्ल्याची डागडुजी करता येते, त्याला कुंपण घालता येतं, तिथं फलक लावता येतो. यात्रेला किंवा मागावरच्या कसबाला कुंपण घालून चालत नाही. ती माणसांच्या अंगात असते. माणसं थांबली की ती संपते, मग तिचे कितीही फोटो आपल्याकडे असोत. अशा जिवंत परंपरांच्या रक्षणाबाबत सोलापूरनं एकाच गावात दोन टोकं पाहिली आहेत, आणि त्या दोन्हींकडे नीट पाहिलं तर आपली धोरणं कुठं चुकतात ते कळतं.

पहिलं टोक गड्ड्याचं. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंचे समकालीन. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. लोकांना सोबत घेऊन त्यांनी तळं खोदलं. ज्या कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तिला त्यांनी आपल्या योगदंडाशी प्रतीकात्मक विवाह करायची परवानगी दिली, अशी कथा आहे. यात्रा म्हणजे त्या विवाहाचा सोहळा. तैलाभिषेक म्हणजे हळद, अक्षता म्हणजे लग्न, पुढं होम, शोभेचं दारूकाम, आणि शेवटी नंदीध्वजांची वस्त्रं उतरवायची कप्पडकळी. सुमारे नऊशे वर्षांची ही परंपरा आहे असं मानलं जातं. या काळात इथं बहमनी आले, आदिलशाही आली, मुघल आले, पेशवे आले, इंग्रज आले. 1930 मध्ये तर या गावावर मार्शल लॉ लागला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. यात्रा मात्र राहिली. 2021 मध्ये कोरोनामुळं ती मोजक्या मानकऱ्यांत उरकावी लागली, आणि निर्बंध उठताच पुन्हा रस्ते पांढऱ्या बाराबंदीनं भरून गेले.

हे केवळ श्रद्धेनं झालं असं मी मानत नाही. श्रद्धा तर कितीतरी बंद पडलेल्या जत्रांमागंही होती. इथं वाटणी आहे. सात काठ्यांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचण्याचा मान कुणाचा, सुगडी पूजनात कुणी पुढं व्हायचं, तेल कुणी आणायचं, मिरवणूक कुणाच्या वाड्यातून निघायची, हे सगळं ठरलेलं आहे. ज्याच्याकडे काहीच मान नाही तोही बाराबंदी घालून चालतो आणि ‘हर्र बोला हर्र’ म्हणतो. यात्रा बघायला गेलेला माणूस इथं थोडा, करायला गेलेला जास्त. ज्याच्याकडे काम आहे तो ते काम पुढच्याला शिकवतोच, कारण शिकवलं नाही तर पुढच्या वर्षी आपल्याच समाजाची काठी जमिनीवर राहील, ही लाज त्याला पुरेशी असते.

दुसरं टोक चादरीचं.

सोलापुरी चादर माहीत नसलेलं मराठी घर सापडणं अवघड. लग्नात, बाळंतपणात, प्रवासाच्या वळकटीत ती असायचीच. तिचं विणकाम साधं नाही. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवायची, त्या एकेका चौकटीवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं ओवून मागावरच्या जेकार्ड यंत्रावर चढवायची. कार्डातल्या भोकांप्रमाणं ताण्याचे धागे वर उचलले जातात आणि मधून धोटा पळतो. ही चादर दुपदरी असते. दोन थर एकमेकांत अडकत विणले जातात, म्हणून एका बाजूला जो रंग नक्षीचा, तोच उलट्या बाजूला जमिनीचा होतो. जाड सुताच्या या दोन थरांमुळंच ती उबदार असते आणि वर्षानुवर्षं धुतली तरी टिकते. तेलंगणातून पोटासाठी इथं आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हे काम पूर्वभागात, साखर पेठ, पाच्छा पेठेच्या गल्ल्यांत वाढवलं. घरात पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. बायका कांड्या भरायच्या, पोरं शाळेतून आली की धागे जोडायची. गावात 1870 च्या दशकापासून गिरण्याही होत्या, त्यांच्या भोंग्यावर गावाची घड्याळं चालत. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. माग टिकले, पुढं यंत्रमाग झाले, पण चादर राहिली.

या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे इथं बनलेल्या मालालाच ते नाव लावता येतं. देशात मानांकनाचा कायदा 1999 मध्ये झाला आणि 2003 मध्ये लागू झाला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांची नोंदणी त्यानंतर लगेचच्या वर्षांत झाली. म्हणजे राज्यातल्या अगदी पहिल्या मानांकनांपैकी ही. कायदा कडक आहे. खोटं मानांकन लावून माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. कागदावर पाहिलं तर याहून जास्त संरक्षण कोणत्या परंपरेला मिळणार?

आणि तरी बाजारात जा. हरियाणातल्या पानिपतचा माल ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास विकला जातो. तो हलका असतो, स्वस्त असतो, आणि गिऱ्हाईक उलटून पाहत नाही. त्यावर पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटनं कडी केली. सुताचे भाव आणि विजेचं बिल चढत गेलं, तसे कितीतरी कारखानदार चादर सोडून टॉवेलकडे वळले, आणि आज सोलापूरची निर्यात मुख्यतः टॉवेलावर उभी आहे. धंद्याच्या दृष्टीनं त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण नक्षी काढणारा, कार्डं पाडणारा, जेकार्ड दुरुस्त करणारा म्हातारा झाला आहे आणि त्याच्या शेजारी शिकणारं कुणी बसलेलं नाही. गड्ड्याच्या सरावात जे दिसतं, नेमकं तेच इथं नाही.

माझं म्हणणं असं की मानांकनाच्या कायद्यानं चादरीचं नाव राखलं, चादर विणणारा राखला नाही. तो त्या कायद्याचा हेतूही नव्हता. कायदा वाचला की कळतं, त्यात ‘उत्पादक’ या व्याख्येत माल बनवणारा जसा येतो तसाच त्याचा व्यापार करणाराही येतो. मजुरीबद्दल त्यात अवाक्षर नाही. मागावर उभं राहणाऱ्याला नगावर मजुरी मिळते. चादरीला मानांकन मिळाल्यानं त्याच्या नगाचा दर वाढलाच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. नोंदणी संघटनेच्या नावावर, नफा विक्रेत्याच्या खात्यात, अभिमान सगळ्या गावाचा, आणि ज्याच्या हातात कसब आहे त्याचा या सगळ्यात वाटा किती? गड्ड्यात सुगडी करणाऱ्या कुंभाराला जागा आहे. चादरीच्या कौतुकात विणकराला ती नाही.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पूर्वभागातला एखादा तरुण विचारेल: माझ्या आजोबांनी बारा-बारा तास मागाच्या खडखडाटात काढले, त्यांच्या कानाचं आणि छातीचं काय झालं ते मी घरात पाहिलं, आईनं विड्या वळून मला शिकवलं. आता मी पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो तर तुम्हाला परंपरा आठवली? मी मागावर परत यावं असं मला सांगण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

कुणीच दिलेला नाही. विणकराच्या पोरानं विणकरच व्हावं, कुंभाराच्या पोरानं चाकच फिरवावं, ही जातीनं घातलेली बेडी होती. वारशाच्या नावाखाली ती कुणी परत घालू पाहत असेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. तो तरुण सुटला याचा आपल्याला आनंदच व्हायला हवा. प्रश्न वेगळा आहे. हे कसब त्याच्या घराचं म्हणून नव्हे, तर एक उत्तम हुन्नर म्हणून, कुणालाही शिकता यावं अशी सोय आपण केली का? एखाद्या मराठा, मुस्लिम, दलित, लिंगायत मुलीला जेकार्डची नक्षी काढायला शिकायची असेल तर तिनं कुठं जायचं, आणि शिकेपर्यंत तिनं खायचं काय? राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा 5,000 रुपये मानधन देतं. ते चांगलंच आहे, द्यायलाच हवं. पण ते आयुष्याच्या उतरणीवर मिळतं. कला हातातून हातात जाते ती शिकण्याच्या वयात, आणि त्या वयाच्या मुलाकडे आपलं धोरण पाहतच नाही. विणकराला तर आपण कलावंत म्हणतच नाही, तो आपल्या लेखी कामगार. मग मजुरी बाजारभावानं, आणि बाजारभाव पानिपतनं ठरवलेला.

युनेस्कोचा अमूर्त वारशाचा करार 2003 चा आहे, भारत त्यात 2005 मध्ये सामील झाला. गुजरातचा गरबा 2023 मध्ये त्या यादीत गेला. या करारात एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं: ज्या समूहांनी हा वारसा घडवला, जपला आणि पुढं दिला, त्यांना त्याच्या रक्षणात आणि व्यवस्थापनात जास्तीत जास्त सहभागी करून घ्यावं, असं ते सांगतं. आपल्याकडे मात्र यादीत नाव जाण्याचा जल्लोष होतो आणि हे कलम कुणी उघडूनही पाहत नाही. गावोगाव ‘महोत्सव’ भरतात, मंचावर दहा मिनिटांत लेझीम, दहा मिनिटांत गोंधळ, दहा मिनिटांत लावणी होते, पाहुण्यांचं भाषण मात्र अर्धा तास. कलाकार प्रवासखर्चात आले आणि गेले. त्यांच्या गावात, त्यांच्या तालमीत काय चाललंय हे विचारायला कुणी जात नाही.

पूर्वभागाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. भाद्रपद अमावास्येपासून अष्टमीपर्यंत तिथं बतुकम्मा मांडतात. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे तुरे असे थरावर थर रचून फुलांचा उंच मनोरा करायचा आणि बायकांनी त्याभोवती फेर धरून टाळ्यांवर तेलुगू गाणी म्हणायची. तेलंगणात 2014 मध्ये हा राज्याचा उत्सव झाला. सोलापुरात तो बायकांनी स्वतःच्या बळावर, कुणाच्या मदतीविना, पिढ्यान्‌पिढ्या चालवला. पण आता फेरात आजीला येतात ती गाणी नातीला येत नाहीत, कारण नातीला तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही, आणि पुष्कळदा धड बोलताही येत नाही. डीजेवर हैदराबादहून आलेलं गाणं लागतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात कन्नडची तीच कथा. ज्या गावाच्या ग्रामदैवताची वचनं कन्नडमध्ये आहेत, त्या गावातल्या किती मुलांना त्यातलं एक तरी वचन कन्नडमध्ये म्हणता येईल? मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला. मराठी माणूस म्हणून मला त्याचं समाधान आहे. पण सोलापूरचं मराठीपण तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दूच्या शेजारात वाढलं आहे. तो शेजार गेला तर आपली मराठीही गरीब होईल. ही गाणी आजीबाईंकडून उतरवून घ्यायला, शाळेच्या एका तासात शिकवायला करोडो रुपये लागत नाहीत. ती उतरवून घेणारं माणूस लागतं, आणि त्याला महिन्याचा पगार लागतो.

परंपरा जपायची म्हणजे तिला हात लावायचा नाही, असं मानणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. दहाएक वर्षांपूर्वी होम मैदानावर आपत्कालीन रस्ता मोकळा सोडण्यावरून प्रशासन आणि देवस्थान यांच्यात मोठा वाद झाला. भावना दुखावल्या गेल्या, मोर्चे-निवेदनं झाली. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे की लाखो माणसं जमतात तिथं रुग्णवाहिकेला वाट हवीच. त्यानं यात्रेच्या पावित्र्याला काही होत नाही. सिद्धरामेश्वरांनी लोकांसाठी तळं खोदलं. लोकांच्या जिवासाठी आखलेला रस्ता त्यांच्या परंपरेच्या आड कसा येईल? पण प्रशासनानंही हे आदेश काढून करू नये, मानकऱ्यांना आणि दुकानं थाटणाऱ्या गड्डेवाल्यांना बसवून करावं. वारी पाहा. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 2021 मध्ये झाली, रस्ता रुंद झाला, चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखली गेली. बदल झाला. वारी चालते आहे, कारण दिंडीत वीणेकऱ्याची, पखवाजाची, टाळकऱ्यांची, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईची जागा ठरलेली आहे आणि ती जागा कुणी काढून घेतलेली नाही. पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते त्या धर्मपुरीपासून पंढरपूरपर्यंत वारीतून चालणारी बाई वारीचा भाग असते, पाहुणी नसते. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाला मुलींचेही हात लागावेत असं मला वाटतं. तो निर्णय मानकऱ्यांनी आणि भक्तांनी घ्यायचा आहे. पण ज्या परंपरेला पुढची नऊशे वर्षं जायचं आहे, तिनं गावातल्या निम्म्या माणसांना काठावर उभं ठेवू नये.

आता चादरीसाठी काय करता येईल ते बोलू, कारण नुसती हळहळ करून माग चालत नाही. सोलापुरात कुठलाही कार्यक्रम असो, पाहुण्याला चादर देऊन सत्कार करायची पद्धत आहे. महापालिका, जिल्हा परिषद, बँका, महाविद्यालयं, पक्ष, सगळे देतात. या चादरी कुठून येतात? ज्याचा दर कमी त्याच्याकडून. पहिलं काम इथूनच सुरू होऊ शकतं. सार्वजनिक पैशानं घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक चादरीवर मानांकनाची खूण असावी, ती विणणाऱ्याचं नाव असावं, आणि खरेदीच्या अटीत नगाची किमान मजुरी लिहिलेली असावी. सरकारी दवाखाने आणि वसतिगृहांसाठी हीच अट लावता येते. कमीत कमी दराची निविदा हीच प्रामाणिकपणाची खूण, हा हट्ट निदान हुन्नराच्या बाबतीत सोडायला हवा, कारण त्या हट्टानं आपलेच विणकर आपल्याच गावात हरतात.

दुसरं, शिकणाऱ्याला पैसे. नक्षी, कार्ड, जेकार्ड जोडणी आणि हातमागावरची भिंतीवर लावायची चित्रवस्त्रं, ज्यासाठीही सोलापूरचे विणकर ओळखले जातात, या कामांसाठी दोन-तीन वर्षांची शिकाऊ उमेदवारी असावी. शिकणाऱ्याला जगण्यापुरतं विद्यावेतन आणि शिकवणाऱ्या जुन्या कारागिराला मास्तरचा पगार. शिकवणाऱ्याकडे पदवी मागू नये. त्याचे हात पुरेसे आहेत. जात, धर्म, आडनाव विचारू नये. मुलींसाठी निम्म्या जागा ठेवाव्यात, कारण आजवर कांड्या भरून त्यांनी हा धंदा उचलला आणि मागाचा मान मात्र त्यांना मिळाला नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये धूळ आणि आवाज कमी करण्याचा खर्चही यात धरावा. ज्या कामानं बापाची छाती पोखरली, ते काम पोरगं कौतुकासाठी करणार नाही, आणि करूही नये.

मानांकनाची मालकी असलेल्या संघटनेनं खोट्या मालावर खटले भरावेत, ते त्यांचं कामच आहे. पण त्याच संघटनेत मागावर उभ्या राहणाऱ्यांचे प्रतिनिधी बसले पाहिजेत, आणि नगाचा दर ठरवताना त्यांची संमती घेतली गेली पाहिजे. सोलापूरला संमती घेण्याची रीत नवी नाही. अक्षतेच्या आधी ती भर गर्दीत वाचली जाते. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात चादर खरेदीच्या अटी आणि शिकाऊ विद्यावेतन या दोन बाबी आल्या का, हे पूर्वभागातल्या प्रत्येक मतदारानं आपल्या नगरसेवकाला विचारावं.